कुठले तुम्ही?



आज एका छोट्या चित्रपटाविषयी बोलणार आहे. त्यात नट नाहीत, गाणी नाहीत. पाऊण तासाचा माहितीपट. नाव 'आय लिव्ह इन बेहरामपाडा', साल १९९३, दिग्दर्शिका मधुश्री दत्ता. १९९४ मध्ये त्याला फिल्मफेअरचा उत्कृष्ट माहितीपटाचा पुरस्कार मिळाला होता. पण फिल्मफेअरच्या सोहळ्यात आपण नट्यांचे कपडे पाहतो, माहितीपट कोण लक्षात ठेवतो! त्यामुळे तुमच्यापैकी बहुतेकांनी हे नाव ऐकलं नसेल तर त्यात नवल नाही.

बेहरामपाडा मात्र पुष्कळांनी पाहिला असेल. वांद्रे स्टेशनच्या पूर्वेला, रुळांच्या कडेला, एकावर एक चढवलेल्या खोल्यांची दाट वस्ती दिसते ना, तोच. लोकल तिथून जाते तेव्हा दारातल्या माणसाला आतला स्टोव्ह आणि भांडी दिसतात. मुळात ही जागा दलदलीची. पोटासाठी मुंबईत आलेल्या माणसांनी भराव टाकून, चिखल बुजवून ती राहण्याजोगी केली. कोणी उत्तर प्रदेशातून आलं, कोणी बिहारमधून, कोणी आपल्या महाराष्ट्राच्याच गावांतून. वस्ती बहुसंख्येने मुसलमानांची. बाजूला इमारती उभ्या राहिल्या, जमिनीचे भाव वाढले, आणि जी दलदल कोणालाच नको होती ती सगळ्यांना हवीशी झाली.

६ डिसेंबर १९९२ ला अयोध्येत बाबरी मशीद पाडली गेली आणि मुंबई पेटली. डिसेंबरात एकदा, जानेवारी १९९३ मध्ये पुन्हा. न्यायमूर्ती श्रीकृष्ण आयोगाने दोन्ही खेपांचा मिळून मृतांचा आकडा ९०० दिला आहे. त्यात ५७५ मुसलमान, २७५ हिंदू, काहींची ओळखच पटली नाही. त्या दिवसांत बेहरामपाड्याविषयी काय काय बोललं गेलं! तिथे शस्त्रांचे साठे आहेत, तिथे सगळे परदेशी घुसले आहेत, ती वस्ती उठवलीच पाहिजे. बोलणाऱ्यांपैकी फारच थोड्यांनी त्या गल्लीत पाऊल टाकलं होतं. मधुश्री दत्ता यांनी टाकलं. त्या कॅमेरा घेऊन तिथे गेल्या आणि लोकांना बोलू दिलं. बाई स्वतः जमशेदपूरच्या बंगाली, म्हणजे मुंबईच्या हिशेबाने त्याही बाहेरच्याच. फ्लेविया अ‍ॅग्नेस यांच्यासोबत त्यांनी 'मजलिस' ही संस्था उभी केली होती.

नावाचं मराठी करायला गेलं की एक अडचण येते. 'मी बेहरामपाड्यात राहतो' म्हणायचं की 'राहते'? इंग्रजीला ते सांगावं लागत नाही. आपलं क्रियापद बोलणाऱ्याला लपू देत नाही. मी 'राहते' असं करीन. दंगलीच्या दिवसांत पुरुष कामावर अडकलेले असतात, पळालेले असतात, नाहीतर पोलिसांच्या गाडीत असतात. घर सोडायचं की कडी लावून बसायचं हे मागे राहिलेली बाईच ठरवते.

हा चित्रपट मी पहिल्यांदा पाहिला तो नव्वदच्या दशकात, मुंबईत एका संस्थेच्या छोट्या खोलीत. व्हीसीआरवर कॅसेट, चित्र मधूनच हलणारं. पाहताना मला जाणवलं की ही मंडळी 'आम्ही निरपराध आहोत' असं भाषण करत नाहीत. ती सांगतात आपण कुठून आलो, जागा कशी भरली, शेजारच्या इमारतीत काम कसं मिळालं, भांडण कशावरून सुरू झालं. म्हणजे आपण कोकणात एस.टी.त शेजारी बसलेल्या अनोळखी माणसाला जे विचारतो, त्याचंच उत्तर ती देत असतात. कुठले तुम्ही?

श्रोतेहो, या प्रश्नाची आपल्याकडची गंमत तुम्हाला ठाऊक आहे. दापोली स्टँडवर गाडीत बसलं की आसूद येईपर्यंत प्रश्न येतोच. कुठले तुम्ही? मुरुडचे? मुरुडात कोणाकडचे? मग त्यांचे तुम्ही कोण? हर्णै येईपर्यंत कुठलंतरी नातं, कोणाची तरी सोयरीक, अगदीच नाही तर वडिलांच्या जहाजावरचा एखादा सारंग निघतो, आणि समोरचा माणूस पिशवीतून काढून दोन सुपाऱ्या हातावर ठेवतो. या प्रश्नात चौकशी असते, थोडा भोचकपणा असतो, पण विचारणाऱ्याला उत्तर माहीत नसतं आणि ते त्याला खरोखर हवं असतं. जानेवारी १९९३ मध्ये मुंबईच्या नाक्यानाक्यावर हाच प्रश्न विचारला जात होता. फरक एवढाच की विचारणाऱ्याच्या मनात उत्तर तयार होतं. ज्या प्रश्नावर आमच्याकडे ओळख सुरू होते, त्याच प्रश्नावर तिथे माणूस मरत होता.

आपला जिल्हा तर बोलूनचालून जाणाऱ्यांचा. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे ११२२ बायका मोजल्या गेल्या. देशात सगळीकडे बायका कमी म्हणून ओरड, आणि आपल्याकडे जास्त! कारण उघड आहे. पुरुष इथे नाहीतच. २००१ ते २०११ या दहा वर्षांत देशाची लोकसंख्या वाढत असताना आपल्या जिल्ह्याची मात्र सोळा लाख शहाण्णव हजारांवरून सोळा लाख पंधरा हजारांवर आली. हे आजचं नाही. गिरणीत, गोदीत, हापिसात शिपाई म्हणून, जहाजावर खलाशी म्हणून चार-पाच पिढ्या गेल्या. हर्णैच्या बंदरात बोट किनाऱ्याला लागायची नाही, पडावातून जाऊन चढावं लागे. पावसाळ्याआधीच्या शेवटच्या बोटीला बायका किनाऱ्यावर उभ्या राहून रडायच्या, असं माझी दादी सांगे. हिंदू चाकरमानी मुंबईला थांबला. आमच्या मोहल्ल्यातला त्याच्याही पुढे गेला, आधी आफ्रिकेच्या बाजूला आणि मग आखातात. कुवेत, दुबई, दोहा ही आमच्या बायकांच्या तोंडात गुहागर-खेडइतकी सहज बसलेली नावं.

ऑगस्ट १९९० मध्ये इराकने कुवेत घेतलं. तिथल्या सुमारे एक लाख सत्तर हजार भारतीयांना विमानांनी परत आणावं लागलं. कोकणातल्या किती घरांचं त्यात होतं नव्हतं ते गेलं याचा हिशेब कोणी मांडलेला नाही. माझ्या नात्यातला एक माणूस वीस वर्षांची कमाई बँकेत ठेवून एका हातपिशवीनिशी अम्मानमार्गे परतला. त्याने ठरवलं, आता परदेश नको, आपली मुंबई बरी. वांद्र्याला आमच्या खालाच्या शेजारी खोली घेतली. पुढे सव्वादोन वर्षांनी तो आणि खाला दोघेही एकाच एस.टी.तून मुरुडात उतरले. जानेवारीचा दुसरा आठवडा होता. खालाच्या कमरेला खोलीची किल्ली होती. ती किल्ली तिने पुढे कित्येक महिने काढली नाही. खोली मात्र पहिल्याच आठवड्यात गेली होती.

त्या दिवसांत मुंबईहून येणाऱ्या प्रत्येक गाडीतून अशी माणसं उतरत होती. मुरुडात त्यांना काय मिळालं, हेही सांगायला हवं. शेजारच्या वाडीतून तांदूळ आले, भाजी आली. कोणी फार बोललं नाही. कोकणी माणूस अशा वेळी बोलत नाही, वस्तू आणून ठेवतो आणि जातो. पुढे यांतले थोडे इथेच राहिले, बरेचसे मुंब्र्याला गेले. ठाण्याच्या खाडीपलीकडचं ते गाव आज केवढं मोठं शहर झालं आहे, त्यामागे त्या दोन महिन्यांचा मोठा हात आहे. मुंब्र्यात आजही कोकणातल्या गावांच्या नावाने जमाती आहेत. गाव सोडून माणूस मुंबईला गेला, मुंबई सोडून मुंब्र्याला, आणि जाताना प्रत्येक वेळी त्याचे शेजारी थोडे अधिक एकसारखे होत गेले. बेहरामपाड्यासारख्या वस्तीच्या बाजूला निदान इमारती होत्या, भांडायला का होईना, दुसरं कोणी होतं.

आता दुसरी बाजू. ती टाळून मी इथून उठलो तर मला माझंच बोलणं ऐकवणार नाही. बाणकोटची खाडी ओलांडली की रायगड जिल्हा लागतो. तिथल्या दिघी आणि शेखाडीच्या किनाऱ्यावर १९९३ च्या जानेवारी-फेब्रुवारीत स्फोटकं उतरली. १२ मार्चला मुंबईत स्फोट झाले, २५७ माणसं गेली. ज्यांनी हे घडवलं त्यांनी सांगितलं की हा दंगलीचा सूड. कोणाचा सूड, कोणावर? शेअर बाजारात, सेंच्युरी बाजारात, पासपोर्ट ऑफिसपाशी जी माणसं मेली त्यांनी खालाची खोली जाळली नव्हती. पासपोर्ट ऑफिसपाशी तर आखातात जायला निघालेली आमचीच पोरं रांगेत असायची. आणि तो माल उतरवून घेताना डोळे मिटून घेणाऱ्यांत कस्टममधले होते, पोलिसांतले होते. पुढे काहींना शिक्षाही झाल्या. चोरटी चांदी उतरवून घेणाऱ्या हातांनी पेटीत काय आहे हे विचारलं नाही, इतकंच. लाचेला धर्म नव्हता. बदनामी मात्र एकट्या मोहल्ल्याच्या वाट्याला आली. त्यानंतर मुंबईत 'मुरुडचा' म्हटलं की काहींचे कान टवकारायचे. मग सांगावं लागे की जंजिऱ्याचं मुरुड ते वेगळं, दिघीच्या समोरचं. आमचं मुरुड दापोलीचं, महर्षी कर्व्यांचं. कर्व्यांचं नाव घेतलं की चेहरे निवळत. मी स्वतः हे अनेकदा केलं आहे. अण्णासाहेबांचा असा उपयोग होईल असं त्यांना कधी वाटलंही नसेल.

पण कर्व्यांचा विषय निघालाच आहे तर त्यांना नुसता दाखला म्हणून सोडून देणं बरं नव्हे. हा आमच्या गावचा पहिला मोठा जाणारा माणूस. परीक्षेसाठी मुरुडहून साताऱ्याला चालत गेलेला मुलगा. पुढे मुंबईत शिकला, पुण्यात प्राध्यापक झाला, गावासाठी 'मुरुड फंड' काढला. ११ मार्च १८९३ ला त्यांनी गोदूबाईंशी, म्हणजे एका विधवेशी, लग्न केलं. आणि ज्या मुरुडासाठी फंड काढला त्याच मुरुडाने सभा भरवून त्यांच्यावर बहिष्कार टाकला. ते घरी येऊन राहिले तर घरच्यांनाही वाळीत टाकायचं, असं ठरलं. मुलाने आईच्या दारात यायचं नाही! कोणी सुरा काढला नव्हता, कोणी घर जाळलं नव्हतं. माणसं शांतपणे बसली, बोलली आणि आपल्याच गावच्या एका माणसाला त्यांनी बाहेरचा ठरवलं. लग्नाचा दिवस मुंबईच्या स्फोटांच्या आधी बरोबर शंभर वर्षं आणि एक दिवस. तारखांचा हा योगायोग आहे, त्यातून काही सिद्ध होत नाही. पण अतिरेक ही दुसऱ्या कुठल्या तरी धर्मातून, दुसऱ्या कुठल्या तरी देशातून बोटीने येणारी वस्तू आहे, असं कोणी सांगू लागलं की मला दुर्गादेवीच्या देवळाजवळचं आमचं जुनं मुरुड आठवतं. आज त्याच गावात कर्व्यांचं स्मारक आहे, ही गावाची थोरवी.

हे सगळं कोकणी मुसलमानांत सर्वांत आधी ज्याने पाहिलं तो चिपळूणजवळच्या मिरजोळीचा हमीद दलवाई. त्यांची 'इंधन' ही कादंबरी १९६५ ची. मुंबईत राहिलेला, हृदयविकाराने आजारी पडलेला एक मुसलमान पंधरा वर्षांनी कोकणातल्या आपल्या गावी परततो आणि त्याच्या डोळ्यांदेखत गाव पेटतं. दलवाईंनी कोणालाही सोडलेलं नाही, मुसलमानांना नाही, हिंदूंना नाही, आणि परत आलेल्या त्या शहाण्यालाही नाही. जो गेला तो गावाला उपरा होतो आणि जिथे गेला तिथेही उपराच राहतो, ही गोष्ट त्यांनी मुंबईच्या दंगलीआधी सत्तावीस वर्षं लिहून ठेवली. बेहरामपाड्याचा चित्रपट आणि 'इंधन' एकामागोमाग पाहावं-वाचावं, असं मी कॉलेजच्या मुलांना सांगत असतो. एक शहराकडून पाहतो, दुसरी गावाकडून.

गावाकडून म्हणजे कसं, ते २०२० मध्ये आपण सगळ्यांनी अनुभवलं. करोनाच्या टाळेबंदीत मुंबईहून निघालेला चाकरमानी गावच्या वेशीवर आला आणि वेशीवर ओंडके टाकलेले. गणपतीला, शिमग्याला ज्याच्या वाटेकडे डोळे लागतात, ज्याच्या पैशावर देवळाला रंग आणि मशिदीला फरशी लागते, त्यालाच आपण विचारलं, कुठले तुम्ही? भीती खरी होती, रोग खरा होता, हे मान्य. पण त्या दोन महिन्यांत मी आमच्या रस्त्यावर सख्ख्या भावाला भाऊ ओळख देत नाही असं पाहिलं. तिथे धर्माचा संबंध नव्हता.

मग आखातातल्या आमच्या मुलांचं काय? माझा एक पुतण्या दोहाला असतो. एका खोलीत आठ जण, शुक्रवारची सुटी, बाकी काम. मागे सुटीवर आला तेव्हा म्हणाला, "चाचा, उरुसाला जाणं बरं नाही. संदल मिरवणं हे आपल्यातलं नव्हे." मी विचारलं, हे कोण म्हणतं? त्याने फोन काढून दाखवला. फोनमध्ये एक गृहस्थ, ना आमच्या भाषेचा, ना आमच्या किनाऱ्याचा. लग्नात आमच्या बायका कोकणी बोलीत जी गाणी म्हणतात तीही त्याला खटकू लागली होती. मी मराठीत कविता लिहितो याचं त्याला पूर्वी कौतुक होतं, आता तो त्यावर गप्प राहतो.

इथे मला घाई करायची नाही. दाढी राखणं, नमाज चुकू न देणं, उरुसाला न जाणं, याला अतिरेक म्हणणारे दुष्टपणा करतात. माझा पुतण्या सालस मुलगा आहे, त्याच्या पैशावर दोन घरं चालतात. मला काळजी वाटते ती निराळ्या गोष्टीची. आठ जणांच्या खोलीत रात्री अकरा वाजता त्याच्याशी बोलणारं कोण आहे? गाव झोपलेलं. कंपनीला त्याच्या हातांशी मतलब. उरतो तो फोन. आणि फोनमधला माणूस त्याला 'कुठला तू?' असं विचारत नाही, तो थेट 'तू अमुक आहेस' असं सांगतो. मे २०१४ मध्ये कल्याणची चार तरुण मुलं यात्रेकरूंच्या जथ्यातून बगदादला गेली आणि तिथून मोसुलच्या बाजूला, इसिसकडे. शिकलेली मुलं, त्यांत इंजिनीअरिंगचे विद्यार्थी. त्यांतला एक त्याच वर्षी नोव्हेंबरात परत आला आणि अटकेत गेला. ती पोरं भुकेने गेली नव्हती. घरातल्यांना ती गेल्यावर कळलं. मुंबईतल्या दुसऱ्या धर्माच्या पोरांचंही वेगळं नाही. शिमग्याला गावी येतात, पालखी खांद्यावर घेतात, आणि काही गावांत ती पालखी मुसलमानाच्या दारी का थांबते हे त्यांना ठाऊक नसतं. कोणीतरी फोनमध्ये सांगितलेलं असतं की थांबता कामा नये. गावातल्या म्हाताऱ्यांनी अजून तरी पालखी थांबवणं सोडलेलं नाही.

गेल्या पावसाळ्यात मी तो बेहरामपाड्याचा चित्रपट घरी पुन्हा लावला. कॅसेट गेली, आता तो लॅपटॉपवर. मुरुड-हर्णैची पाच-सहा मुलं होती, दोन्हीकडची, पुतण्याही सुटीवर होता. मुलांना पहिली दहा मिनिटं कंटाळा आला. मग एकाने विचारलं, यातली माणसं आता कुठे असतील? मी सांगितलं, काही तिथेच आहेत. बेहरामपाडा उठला नाही, उंच झाला. मध्ये २०१७ मध्ये आग लागली, तरी पुन्हा उभा राहिला. पुतण्याने विचारलं की पाऊण तास कोणी मौलाना किंवा पुढारी का बोलला नाही. मी म्हटलं, तू लक्ष देऊन पाहिलंस.

मागे खाटेवर खाला बसली होती. ऐंशीच्या पुढे वय, कानाला कमी ऐकू येतं. लॅपटॉपवर गल्लीतली एक बाई बोलत होती. खाला पुढे वाकली आणि मला विचारलं, "ही कुठली रे?"

मला ते सांगता येईना. तिने ते चित्र मागे घ्यायला लावलं आणि त्या बाईचं बोलणं पहिल्यापासून ऐकलं.